बेसखालची घरघर: शोधावी कशी आणि काढावी कोठून

मिक्समधला बेस हवा तेवढा दमदार ऐकू येत नाही, तरीही मास्टर चॅनेलचा मीटर लाल रेषेला टेकतो आणि लिमिटर (ठरलेल्या पातळीवरचा आवाज दाबणारे साधन) प्रत्येक किकवर, म्हणजे ड्रमच्या खालच्या ठोक्यावर, तीन-चार डेसिबल दाबून धरतो, अशी अवस्था असेल, तर दोष बहुतेक वेळा बेसच्या पातळीत नसतो, तो बेसच्या खाली असतो. साधारणपणे ३५ हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात, जिथे आपण एकही स्वर मुद्दाम ठेवलेला नाही, तिथे नकळत ऊर्जा साचत गेलेली असते. हिलाच या लेखात घरघर म्हटले आहे. टेक्नोमध्ये किकचा आवाज रिव्हर्बमधून (कृत्रिम घुमाऱ्यातून) काढून, त्याचा वरचा भाग कापून आणि किकच्या ठोक्यागणिक तो दाबून जो ‘रम्बल’ तयार करतात, तो येथे अभिप्रेत नाही, कारण तो रचनेचा भाग असतो आणि त्याची जागा व पातळी निर्मात्याने ठरवलेली असते. अर्थात त्या रम्बलच्या तळाशीही न मागितलेली घरघर असू शकते, आणि तिला पुढचे सगळे नियम लागू पडतात.

या समस्येवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे प्रत्येक ट्रॅकवर ३० हर्ट्झला हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या वारंवारतेखालचा आवाज कापणारा) लावून मोकळे व्हावे. तो सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही, पण घाईचा आहे. फिल्टर हे फुकटचे औषध नाही. तो जे कापतो त्याच्या वरच्या आवाजातही फेरफार करतो, आणि बेसच्या बाबतीत तो फेरफार नेमका मूळ स्वरावर येतो. म्हणून घरघर जिथे जन्मते तिथेच ती थांबवावी आणि फिल्टर शेवटी, उरलेल्या कामापुरता वापरावा, हा क्रम मी पाळतो.

घरघर ऐकू का येत नाही

कानाची संवेदनशीलता खालच्या वारंवारतेकडे झपाट्याने घटते. आयएसओ २२६ या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीतील समप्रबलता वक्रांनुसार, १ किलोहर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झच्या स्वराला जवळजवळ १०० डेसिबल लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की २० हर्ट्झच्या आसपास भरपूर ऊर्जा असली तरी ऐकणाऱ्याला तिचा लाभ जवळपास शून्य असतो, मात्र डिजिटल मीटर आणि लिमिटर यांना कान नसल्यामुळे ते तिचा पूर्ण हिशेब धरतात. आयटीयू-आर बीएस १७७० या शिफारशीवर आधारलेले एलयूएफएस (प्रबलता मोजणारे) मीटरसुद्धा मोजण्यापूर्वी खालचा पट्टा फिल्टरने कमी करतात, त्यामुळे घरघरीने लिमिटर कितीही दबला तरी प्रबलतेचा आकडा वाढत नाही. हेडरूम, म्हणजे कमाल पातळीपर्यंतची मोकळी जागा, जाते आणि बदल्यात काहीच मिळत नाही.

स्पीकरची बाजूही लक्षात घ्यावी. तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी वारंवारता एक सप्तक खाली गेली, म्हणजे निम्मी झाली, की स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. छिद्र असलेल्या पेटीतल्या स्पीकरचा पडदा, त्या पेटीच्या ठरलेल्या वारंवारतेच्या खाली, हवेचा आधार सुटल्यामुळे आणखीच मोकाट हलतो. तो २० हर्ट्झवर झुलत असताना त्याच पडद्याने ६० हर्ट्झचा बेस स्वच्छ वाजवावा ही अपेक्षा व्यर्थ असते. घरघर स्वतः ऐकू न येताही बेस गढूळ वाटतो, त्यामागे हे एक कारण आहे.

आधी पाहण्याची सोय

पाच इंची मॉनिटर स्पीकर साधारणपणे ५० हर्ट्झच्या आसपासच थकतात, आणि खोलीही खोटे बोलते. समोरासमोरच्या दोन भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्या खोलीचा पहिला अनुनाद सुमारे ४३ हर्ट्झवर येतो. म्हणजे बसण्याच्या जागेनुसार तो स्वर कधी फुगलेला तर कधी जवळजवळ नाहीसा ऐकू येतो. म्हणून या कामापुरते डोळ्यांवर आणि चांगल्या हेडफोनवर अधिक विसंबावे.

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर वापरताना दोन गोष्टी तपासल्याशिवाय त्याच्या चित्रावर विश्वास ठेवू नये. पहिली म्हणजे एफएफटीचा, म्हणजे आवाजाची वारंवारतांत फोड करणाऱ्या गणिताचा, आकार. सॅम्पल रेट ४४,१०० असताना ४,०९६ चा आकार घेतला, तर दोन मोजमापांतले अंतर जवळजवळ ११ हर्ट्झ राहते, आणि २७ हर्ट्झची घरघर ३८ हर्ट्झच्या स्वरापासून वेगळी काढता येत नाही. आकार १६,३८४ केला की हेच अंतर २.७ हर्ट्झपर्यंत उतरते. चित्र थोडे संथ हलते, पण खालच्या पट्ट्यासाठी संथपणाच सोयीचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे उतार. कित्येक अ‍ॅनालायझर चित्र सपाट दिसावे म्हणून सप्तकामागे ४.५ डेसिबलचा कल देतात. हा कल १ किलोहर्ट्झभोवती दिलेला असेल, तर पाच सप्तके खाली, म्हणजे ३१ हर्ट्झच्या जागी, सगळे काही २२ डेसिबलने कमी दिसते, आणि घरघर आलेखाच्या तळाशी निरुपद्रवी भासते. घरघर शोधताना उतार शून्यावर ठेवावा.

माझी सर्वांत आवडती युक्ती मात्र कानाचीच आहे. मिक्सची ध्वनिफीत तयार करावी, ती पुन्हा प्रकल्पात घ्यावी आणि टाइम-स्ट्रेच बंद ठेवून तिचा वेग चौपट करावा. सगळे दोन सप्तके वर सरकते; जे २० हर्ट्झवर होते ते ८० वर येते आणि साध्या हेडफोनवरही स्पष्ट ऐकू येते. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, पण बेसच्या ओळीखाली सतत चालणारी भुणभुण किंवा प्रत्येक किकमागे उरणारी हेलकावणारी शेपटी अशा वेळी लपत नाही.

उगम कोणता

घरघर आहे एवढे कळल्यावर ती कोणाची हे शोधण्यासाठी मास्टर चॅनेलवर सर्वांत शेवटी, लिमिटरच्याही नंतर, ३० हर्ट्झचा आणि सप्तकामागे ४८ डेसिबल उताराचा (दर सप्तकाला तेवढे अधिक कापणारा) लो-पास फिल्टर, म्हणजे फक्त खालचा आवाज सोडणारा फिल्टर, तात्पुरता लावावा आणि त्यापुढे मीटर ठेवावा. लिमिटर मात्र या चाचणीपुरता बंद करावा, नाहीतर तो एका ट्रॅकची कमतरता दुसऱ्याने भरून काढतो. मग ट्रॅक एकेक करून सोलो करण्यापेक्षा एकेक करून म्यूट करावेत आणि मीटर कोणत्या क्षणी पडतो ते पाहावे. सोलो केल्यावर सेंडवरचे (ट्रॅकची प्रत दुसऱ्या चॅनेलला पाठवणाऱ्या वाटेवरचे) रिव्हर्ब आणि समूहावरचे सॅच्युरेशन (आवाज सौम्यपणे विकृत करून भरीव करणारा परिणाम) वेगळे वागू लागते, त्यामुळे दोषी सुटून जातो. फेडरच्या आधी घेतलेल्या सेंडचीही आठवण ठेवावी, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक म्यूट केला तरी तो सेंड रिव्हर्बला आवाज पुरवतच राहतो.

बेसच्या ट्रॅकवरच मीटर पडला, तर सर्वप्रथम सिंथ उघडून सब-ऑसिलेटर (बेसला तळ देणारा जोड-ऑसिलेटर) पाहावा. प्रीसेटमध्ये तो एक सप्तक खाली लावलेला असणे अगदी नेहमीचे आहे. आपण ए१ (ए हा स्वर, सप्तक-क्रमांक १) वाजवला की मुख्य ऑसिलेटर ५५ हर्ट्झ देतो आणि सब २७.५ देतो. हा ट्रॅक मधल्या सप्तकात वाजत होता तेव्हा तो सब उपकारक होता. ओळ एक सप्तक खाली आणली तेव्हा तो तसाच विसरला गेला. येथे फिल्टरचे काहीच काम नाही. सब मुख्य ऑसिलेटरच्याच सप्तकात आणावा किंवा बंद करावा.

दुसरे कारण अधिक खोडकर आहे. दोन स्वर केवळ एकत्र वाजल्याने त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर निर्माण होत नाही, परंतु ते दोन्ही एकाच सॅच्युरेशनमधून किंवा डिस्टॉर्शनमधून गेले की तो निर्माण होतो. ए१ आणि त्याचा पंचम एकत्र वाजवले, म्हणजे ५५ आणि ८२.५ हर्ट्झ, की फरकाचा स्वर २७.५ वर उमटतो. गंमत म्हणजे पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला तरी उत्तर २७.५ हेच येते, त्यामुळे सॅच्युरेशन कोणत्याही प्रकारचे असले तरी या जोडीपुरती सुटका नाही. गिटारवाल्यांना हा जाडपणा प्रिय असतो, सबच्या पट्ट्यात तो नकोसा होतो. यावर उपाय म्हणजे खालचा पट्टा एकाच स्वराचा ठेवणे, पंचम किंवा अन्य स्वर वेगळ्या थरात नेणे, त्या थराचा खालचा भाग साधारण १२० हर्ट्झच्या खाली कापणे आणि दोन्ही थर स्वतंत्रपणे सॅच्युरेट करणे. दोन्हींवर मिळून एकच सॅच्युरेशन हवेच असेल, तर सफाईचा फिल्टर त्याच्या नंतर ठेवावा. आधी ठेवलेला फिल्टर अजून जन्मालाच न आलेली घरघर कापू शकत नाही.

असमतोल सॅच्युरेशनचे आणखी एक अपत्य म्हणजे डीसी ऑफसेट, म्हणजेच तरंगाचा मध्य शून्य रेषेवरून वर किंवा खाली सरकणे. तो ऐकू येत नाही, पण एका बाजूचे शिखर उंचावतो आणि क्लिप जिथे कापली जाते तिथे टिचकीसारखा आवाज देतो. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये तो काढण्याची वेगळी कळ असते. एबलटनच्या युटिलिटीत ‘डीसी’ नावाची असते. ती नसेल तर ५ हर्ट्झचा सौम्य हाय-पास पुरतो, कारण तो बेसपासून इतका दूर असतो की त्याचा उपद्रव जवळपास जाणवत नाही.

किकच्या बाबतीत दोष बहुधा पिच एन्व्हलपमध्ये असतो. किकचा स्वर वरून खाली घसरत ५० हर्ट्झवर थांबायला हवा होता आणि तो २८ वर जाऊन रेंगाळतो. अशा वेळी घसरण कोठे थांबते ते बदलावे, शेपटी आखूड करावी. सॅम्पल असेल तर फेड-आउट द्यावा. कालावधी कमी केल्याने होणारी सफाई फिल्टरच्या सफाईपेक्षा नेहमी नैसर्गिक वाटते, आणि पुढच्या बेसला जागाही मिळते.

कॉम्प्रेसरचा रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, हाही तपासावा. ४० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचे असते. रिलीज त्याहून कमी ठेवला, तर कॉम्प्रेसर आवाजाच्या पातळीऐवजी एकेका लहरीच्या मागे धावू लागतो आणि त्यातून विकृती निर्माण होते.

मग उरतात ते अनपेक्षित उगम. मायक्रोफोनने घेतलेल्या कोणत्याही आवाजात स्टँडचे धक्के, रहदारी आणि वातानुकूलन यंत्राची धडधड असते. जुन्या तबकडीवरून घेतलेल्या तुकड्यात टर्नटेबलची घरघर असते. हे सॅम्पल खाली उतरवले की प्रकरण बिघडते. विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचे एक सप्तक खाली २५ हर्ट्झ होतात. मी एकदा जवळजवळ पूर्ण संध्याकाळ बेस आणि किक यांच्यात दोष शोधण्यात घालवली होती, आणि दोषी निघाला तो ब्रेकडाउनमधला एक श्वासासारखा, वरवर हवेशीर वाटणारा आवाज, जो मी दोन सप्तके खाली आणला होता. त्या ट्रॅकवर बेस असेल असे मला वाटलेच नव्हते, म्हणून तो मी तपासलाही नव्हता. तेव्हापासून म्यूट करण्याची फेरी मी वरच्या, निरागस दिसणाऱ्या ट्रॅकपासून सुरू करतो. अशा, बेसशी संबंध नसलेल्या ट्रॅकवर १०० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान कोठेही हाय-पास लावायला हरकत नाही. तेथे गमावण्यासारखे फारसे काही नसते.

आता फिल्टर

उगम आवरल्यावरही बेसच्या खाली काही उरले, तर हाय-पासची वेळ येते. त्याआधी गाण्यातला बेसचा सर्वांत खालचा स्वर कोणता आहे हे लिहून ठेवावे, कारण कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापू लागतो ती वारंवारता, त्यावरून ठरतो. सी१ म्हणजे ३२.७ हर्ट्झ, ई१ म्हणजे ४१.२, एफ१ म्हणजे ४३.७, जी१ म्हणजे ४९ आणि ए१ म्हणजे ५५. ‘३० हर्ट्झला कापा’ हा सल्ला ए१ च्या गाण्यात सुरक्षित असला तरी सी१ च्या गाण्यात तो मूळ स्वरालाच हात घालतो. कोणता सप्तक-क्रमांक कोणत्या वारंवारतेचा हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखे नसते, तेव्हा नावापेक्षा अ‍ॅनालायझरवरचा आकडा प्रमाण मानावा.

एफ१ हा सर्वांत खालचा स्वर आहे असे समजू आणि ३० हर्ट्झवर दोन वेगळ्या उतारांचे बटरवर्थ (फिल्टरचा एक प्रचलित प्रकार) फिल्टर लावून पाहू. सप्तकामागे २४ डेसिबल उताराचा फिल्टर २० हर्ट्झवर सुमारे १४ डेसिबल कापतो आणि आपल्या ४३.७ हर्ट्झच्या स्वरातून केवळ ०.२ डेसिबल घेतो. हे ऐकून कोणीही खूश होईल. परंतु त्याच वेळी तो त्या स्वराचा फेज, म्हणजे लहरीचे आवर्तनातले स्थान, ११० अंशांहून अधिक फिरवतो. सप्तकामागे १२ डेसिबलचा फिल्टर २० हर्ट्झवर सुमारे ८ डेसिबलच कापतो, स्वरातून ०.९ डेसिबल घेतो, मात्र फेज साधारण ६० अंशच फिरवतो. एकटा बेस ऐकताना यातले काहीही जाणवणार नाही. पण बेसबरोबर त्याच पट्ट्यात किक वाजत असते, तिच्यावर हा फिल्टर नसतो, आणि काल परस्परांना बळ देणाऱ्या लहरी आज एकमेकींना खोडू लागतात. घरघर गेली आणि बेससुद्धा गेला, अशी जी तक्रार होते तिचा उगम बहुतेक वेळा येथे असतो.

यातून दोन नियम निघतात. उतार जितका सौम्य ठेवून काम भागेल तितका ठेवावा आणि कटऑफ स्वरापासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा. ‘जास्त उतार म्हणजे जास्त स्वच्छ’ हा समज या पट्ट्यात महाग पडतो. एबलटनच्या ईक्यू एटमध्ये लो-कट १२ किंवा ४८ डेसिबलचाच मिळतो, तेथे ४८ चा मोह टाळावा. दुसरे असे की किक आणि बेस दोघांनाही फिल्टर हवा असेल, तर तो दोघांच्या सामाईक समूहावर एकदाच लावावा. मग दोघांवरही एकाच फिल्टरचा परिणाम होतो आणि त्यांचे परस्परनाते टिकते. फक्त बेसवरच लावावा लागला, तर नंतर बेसची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहावी, किंवा बेस काही मिलिसेकंद मागेपुढे सरकवून किकसोबत सर्वांत भरीव कोठे लागतो ते ऐकावे. ५० हर्ट्झवर अर्धे आवर्तन म्हणजे १० मिलिसेकंद, तेव्हा सरकवण्याची मर्यादा तेवढीच ठेवावी.

लिनियर-फेज फिल्टर फेज फिरवत नाही म्हणून तो सरसकट चांगला, असे मानू नये. तो फेजचा प्रश्न सोडवतो आणि त्याबदल्यात ठोक्याच्या आधी एक पुसट पूर्वनाद सोडतो. खालच्या वारंवारतेवर हा पूर्वनाद लांबलेला असतो, आणि किकच्या आधी उगाच कोणीतरी श्वास घेतल्यासारखे वाटते. दीर्घ, सलग बेसवर तो चालून जातो. तुटक बेसवर आणि किकवर मी तो वापरत नाही.

आणखी एका फसव्या गोष्टीची कल्पना असू द्यावी. हाय-पास लावल्यावर मीटरवरचे शिखर कधी कधी कमी होण्याऐवजी वाढते. ऊर्जा कमी झालेली असते, परंतु फेज फिरल्यामुळे तरंगाचा आकार बदलतो आणि चौकोनी किंवा आधीच चपटा केलेला तरंग टोकदार होतो. म्हणून सफाईचा फिल्टर लिमिटरच्या आणि क्लिपरच्या आधीच असावा, नंतर कदापि नाही. तसेच मूळ ट्रॅक आणि फिल्टर केलेला ट्रॅक एकमेकांतून वजा करून ‘नेमके काय कापले’ ते ऐकण्याची जी रीत आहे, ती साध्या फिल्टरच्या बाबतीत दिशाभूल करते, कारण त्या वजाबाकीत फेजचा फरकही ऐकू येतो आणि आपण भलताच मोठा तुकडा कापला असा भास होतो.

घरघर सतत नसून एखाद-दुसऱ्या स्वरावरच उसळत असेल, तर तेवढ्यापुरता डायनॅमिक ईक्यू (पातळी वाढेल तेव्हाच कापणारा) लावणे किंवा त्या स्वराची पातळी हाताने ऑटोमेट करणे हे कायमच्या फिल्टरपेक्षा बरे.

रिव्हर्ब आणि स्टिरिओ

रिव्हर्बच्या आणि डिलेच्या रिटर्नवर १५० ते २५० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावावा, आणि तो रिव्हर्बच्या आधी लावल्यास अधिक चांगले, म्हणजे शेपटीत खालचा आवाज शिरतच नाही. अपवाद अर्थातच मुद्दाम बनवलेल्या रम्बलचा. त्यात खालची मर्यादा किकच्या मूळ स्वराच्या किंचित खाली ठेवावी.

स्टिरिओबाबत, सबवर युनिसन किंवा कोरस (आवाज रुंद करणारे परिणाम) लावलेले असेल तर आधी ते काढावे. साइड चॅनेलवर (डाव्या-उजव्यातला फरक; दोन्हींतला सामाईक भाग म्हणजे मिड) १०० हर्ट्झच्या आसपास सौम्य हाय-पास लावल्यास खालचा भाग मध्यभागी एकवटतो, मात्र मिड आणि साइड यांच्यात फेजचा फरक पडतो, म्हणून उगमापाशीच मोनो ठेवणे सरस.

शेवटची पडताळणी

सगळे झाल्यावर सफाईपूर्वीची आणि सफाईनंतरची ध्वनिफीत शेजारी ठेवून, दोन्हींची प्रबलता सारखी करून ऐकावी. वेग चौपट करण्याची युक्ती पुन्हा एकदा करावी. मूळ वेगात बेसचा स्वर तितकाच भरीव राहिला आहे, किकनंतरची शांतता अधिक शांत वाटते आणि लिमिटर आधीपेक्षा एक-दोन डेसिबल कमी दबतो आहे, असे दिसले की थांबावे. बेस बारीक झाला असेल, तर कटऑफ पाच हर्ट्झ खाली घ्यावा किंवा उतार अर्धा करावा आणि किक व बेस एकत्र ठेवून पुन्हा ऐकावे. एकट्या बेसवर हा निर्णय घेऊ नये.